दोघांच्या शाईचा नमदा

मी एक जुना नमदा आहे, आणि तोही अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग चाळीस वर्षं पलंगावर होता आणि मी टेबलावर. का, ते पुढे सांगतो. मित्रांनो, नमदा म्हणजे न विणता केलेलं लोकरीचं जाड कापड. तुमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळी बुरणूस असायचा ना, त्याच्याच नात्यातला मी. अंगाने राखाडी, आणि त्यावर आता इतके काळे डाग की मूळ रंग फक्त कडेला दिसतो. मला सुंदर म्हणणारं माणूस अजून भेटलेलं नाही. त्याचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे आणि ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

आमच्या गावी दर शरदात उत्तरेकडून एक नमदेवाला यायचा. पाठीवर लोकर पिंजायची धनुकली, खांद्यावर मेंढ्यांच्या लोकरीचं गाठोडं. त्याने माझी लोकर पिंजली, बोरूच्या चटईवर पसरली, वर उकळतं पाणी शिंपडलं आणि चटईची घट्ट गुंडाळी केली. मग दोन दिवस तो आणि त्याचा भाऊ मला पायांनी तुडवत होते. जितकं तुडवावं तितका नमदा टिकतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. माझं मत काही कुणी विचारलं नाही.

नदीवर तराफे हाकणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं, लेकीच्या लग्नात द्यायला. लेकीचं नाव छायफंग. एकोणीसशे शेहेचाळीसचा हिवाळा होता आणि तिला दिलेला पलंग थंडगार होता. नवरा शाळामास्तर, झाय शूनियान. शाळेत मुलांना अक्षरं शिकवायचा आणि घरी येऊन ऑर्किडची चित्रं काढायचा. डोंगराच्या कपारीत उगवणारी, गवतासारख्या लांब पात्यांची ऑर्किड. दुसरं काही त्याला काढावंसंच वाटत नसे.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी या मास्तरने मला पलंगावरून उचललं, कात्री घेतली आणि मधोमध कापलं. आमचं गाव कागदाचं. तो कागद इतका पातळ आणि इतका तहानलेला की त्यावर टेकवलेली शाई खालपर्यंत उतरते. खाली नुसती फळी असली तर कागद चिकटून बसतो आणि चित्राचा सत्यानाश होतो. खाली नमदा असला की जास्तीची शाई तो पितो. हे सगळं मास्तरने नव्या नवरीला समजावून सांगितलं. ती अर्ध्या अंथरुणाकडे बघत उभी होती.

त्याच आठवड्यात त्याच्या नावाचा दगडी शिक्का कोरून आला होता. त्याने तो लाल शाईत टेकवला आणि माझ्या डाव्या कोपऱ्यात दाबला.

"झालं," तो म्हणाला. "आता तुझ्या वडिलांना परत मागता येणार नाही."

"माझ्या अंथरुणावर नाव टाकलंत?" छायफंग म्हणाली. "मग आता माझ्या कपाळावरही टाका."

तो इतका हसला की शिक्का हातातून पडता पडता वाचला. पुढे चाळीस वर्षं घरी कुणीही आलं की ती सांगायची, यांनी लग्नात माझी निम्मी ऊब पळवली. लोक हसायचे आणि तोही हसायचा, मान खाली घालून.

मित्रांनो, मी त्याची चित्रं कधी पाहिली नाहीत. मी कायम खाली आणि चित्राचं तोंड वर. पण त्याचा हात मी ओळखत होतो. ऑर्किडचं पातं एका दमात ओढायचं असतं. हात आधी जरा दाबतो, मग उचलतो, परत दाबतो आणि शेवटी कागद सोडून निघून जातो. तो भार मला कागदातून लागायचा. खोकला झाला की तो भार जड व्हायचा आणि शाळेत एखादं मूल छान वाचून गेलं की हलका. बायकोला जे कळत नसे ते मला कळायचं, असं मला वाटे. हा माझा गर्व होता म्हणा.

माझ्याच अंगावर घडलेलं आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. झाय गुरुजींचेही एक गुरू होते, म्हातारे त्साओ. शेवटच्या दोन वर्षांत त्साओंचा हात चालेना. तेव्हा गुरुजी घरी माझ्यावर चित्र काढायचे, पहाटे गुंडाळी काखेत घालून त्साओंकडे न्यायचे आणि त्साओ त्यावर स्वतःचा शिक्का उठवायचे. ती चित्रं त्साओंची म्हणून घराघरांत लागली. गुरुजींना त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही. माझ्या हातावर गुरूने आपलं नाव ठेवलं, असं ते छायफंगला म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. याहून मोठं काही त्यांना आयुष्यात मिळालं नाही. मात्र ही गोष्ट तिच्याशिवाय त्यांनी कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर त्साओंचा हात थकला होता हे उघड झालं असतं. गुरूचं झाकलेलं झाकलेलंच ठेवायचं, एवढं त्यांना कळत होतं.

मग ती वाईट दहा वर्षं आली. चित्रं काढणं हाच गुन्हा झाला. त्यांची तोवरची सगळी चित्रं अंगणात जाळली गेली आणि मी शाईची बाजू खाली करून परत पलंगावर गेलो, माझ्या दुसऱ्या अर्ध्याशेजारी. छायफंग म्हणाली, निदान थंडी तरी भागली. शिक्का तिने तांदळाच्या रांजणात तळाशी लपवला होता. ते दिवस सरले, मी परत टेबलावर आलो. पण गुरुजी आता बहुतेक कागदांवर शिक्का उठवत नसत. हा नुसता सराव आहे, म्हणत. तीन-चार शेजाऱ्यांना दिलेली चित्रं सोडली तर त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या शरदात मारित आली. नॉर्वेची, बर्गन नावाच्या बंदराची, वय एकोणतीस. तिकडे ती तेलरंगात चित्रं काढायची. मोठ्या शहरातल्या चित्रशाळेत वर्षभर आमची भाषा आणि कुंचला शिकून ती कंटाळली होती. कागद घ्यायला आमच्या गावी आली, कागदवाल्याच्या भिंतीवर गुरुजींचं चित्र बघितलं आणि तिथून सरळ आमच्या दारात. सायकलवर, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. छायफंगने आधी तिला पाय धुवायला पाणी दिलं आणि मग नाव विचारलं.

पहिला महिना गुरुजींनी तिला फक्त शाई उगाळायला लावली. तुमच्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात ना, तशीच आमच्याकडे शाईची कांडी दगडावर उगाळतात. थेंबभर पाणी, गोल फिरणारा हात, आणि घाई नाही. मारितला घाई होती. तिचा दगड खडखड वाजायचा. गुरुजी शेजारी बसून पुस्तक वाचायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "दगडाने तुझं काय वाकडं केलंय?"

मग पेच निघाला. मारित डावखुरी होती. गुरुजींनी कुंचला तिच्या उजव्या हातात दिला. आमच्याकडे अक्षरं उजव्याच हाताने काढतात, आणि त्यांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती. ती चिडली. म्हणाली, माझा डावा हात वीस वर्षं चित्रं काढतोय, त्याला सगळं येतं.

"म्हणूनच नको," गुरुजी म्हणाले. "त्याला फार येतं. हा दुसरा अजून जन्मला नाही, याला मी शिकवतो."

मित्रांनो, तिचे पहिले सहा महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाईची डबकी. ती कुंचला असा टेकवायची, जणू खिळा ठोकतेय. एकदा पातं वाकडं गेलं म्हणून तिने ते खोडून त्यावर दुसरं काढलं. गुरुजींनी तो कागद उचलून उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले की आमच्या कागदावर माघार घेता येत नाही, जे गेलं ते गेलं, पुढचं पातं त्याला सांभाळून घेईल असं काढायचं. ती रडली. छायफंगने तिच्यापुढे बांबूच्या कोंबांचा रस्सा ठेवला. गुरुजींवर डाफरली, "चाळीस वर्षं पोरांना रडवून शाळा चालवलीत, आता परदेशातून मागवून रडवताय."

तीन वर्षं ती आमच्याकडे येत होती. गुरुजींना मूलबाळ नव्हतं हे मी सांगितलं नाही का? नव्हतं. ती आली की घरात चहाचा तिसरा पेला निघायचा. छायफंगला ती काकू म्हणायची. गुरुजी तिची स्तुती कधीच करत नसत. चांगलं पातं निघालं की ते नुसते गप्प बसायचे आणि वाईट निघालं की बोलायचे. तिसऱ्या वर्षी ते दिवस दिवस गप्प असायचे. मारितला वाटायचं, यांना माझा कंटाळा आलाय. मला सगळं कळत होतं, पण नमद्याला कोण विचारतो?

त्याच वर्षी माझ्या अंगावर बारीक ठिपके पडू लागले. आधी एखादा, मग ओळीने, मोहरीएवढे. गुरुजींचा उजवा हात थरथरायला लागला होता. छायफंगच्या लक्षात आलं ते भाताचा वाडगा टेबलावर वाजायला लागला तेव्हा. मारितपुढे ते हात बाहीत ठेवायचे आणि तोंडाने शिकवायचे.

आणि अशातच सांस्कृतिक भवनाचे प्रमुख फांग साहेब घरी आले. भवनाचा नवा दिवाणखाना झाला होता. त्यात झाय गुरुजींचं मोठं ऑर्किड लावायचं ठरलं होतं, नावासकट, शिक्क्यासकट. गुरुजी चौसष्ट वर्षांचे होते. ज्या गावाने त्यांची चित्रं अंगणात जाळली, त्याच गावाने आता चित्र मागितलं होतं. त्यांनी होकार दिला. फांग साहेब गेल्यावर छायफंग म्हणाली, "हो म्हणालात खरं, पण काढणार कोण?" त्या दिवसापासून रोज एक असे त्यांनी अकरा कागद खराब केले. अकराचे अकरा मी प्यायलो.

बाराव्या दिवशी सकाळी मारित आली तर टेबलावर मोठा अखंड ताव पसरलेला होता आणि गुरुजी शाई उगाळत होते. स्वतः. हात थरथरत होता म्हणून डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून उगाळत होते. आमच्याकडे गुरू शिष्यासाठी शाई उगाळत नाही. सूर्य पश्चिमेला उगवला असं म्हणा ना. तासभर त्यांनी शाई उगाळली. मग कुंचला तिच्यापुढे ठेवला, म्हणाले, "आज तू." आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे बसले.

तिने काढलं. पहिलं पातं लांब, डावीकडे झुकणारं. आधी दाब, मग उचल, परत दाब आणि सोडून देणं. मित्रांनो, चाळीस वर्षं मी एकच हात ओळखत आलो होतो. 'आज तू' हे ऐकूनही त्या सकाळी मला वाटलं गुरुजींचा हात बरा झाला. मी खरंच फसलो. तिसऱ्या पात्याला लोकरीची माझी एक बट तिच्या बाहीला लागली, बाहीचा रंग दिसला, आणि मग कळलं की ही तर मारित आहे. तिच्या उजव्या हाताला त्यांच्याशिवाय कुणी काही शिकवलंच नव्हतं. तो हात त्यांचाच होता.

चित्र झाल्यावर गुरुजी उठले. बराच वेळ बघत उभे राहिले. मग खिशातून शिक्का काढला, दोन्ही हातांनी धरून लाल शाईत टेकवला आणि डाव्या कोपऱ्यात, खाली, दाबला. झाय शूनियान. त्यांचा सगळा भार त्या शिक्क्यावर होता, आणि मला तो खूप वेळ जाणवत राहिला.

मारितने तो लाल चौकोन बघितला. तिच्या देशात चित्रावर नाव टाकणं म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक आहे. ज्याचं नाव त्याचं चित्र. तिला वाटलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र माझ्या डोळ्यांदेखत काढून घेतलं. ती गप्प राहिली. ती गप्प राहिली म्हणून त्यांना वाटलं, तिला समजलं. त्या दुपारी छायफंगने आंबवलेला मासा केला होता, जो वर्षातून एकदा, सणालाच व्हायचा. मारितने डोकं दुखतंय म्हणून तो खाल्ला नाही.

ती गेल्यावर छायफंग म्हणाली, "अहो, त्साओंची गोष्ट सांगा तिला. पोरीचा चेहरा बघितलात का?"

"सांगावं लागलं असतं तर ती हे काढूच शकली नसती," गुरुजी म्हणाले.

मला विचाराल तर हे त्यांचं वाक्य चुकलं. फार मोठं चुकलं. हात शिकतो म्हणून माणसालाही आपोआप कळतं असं नसतं. ते मास्तर होते, त्यांना हे कळायला हवं होतं. पण गुरूची झाकली मूठ उघडायची नाही हे व्रत त्यांनी इतकी वर्षं पाळलं होतं आणि आपल्या शिष्येपुढेही ते मोडायला ते तयार नव्हते.

पुढचं मी बघितलं नाही. मी टेबलावरच होतो. पण छायफंगने ते शेजारणीला, भिंतीला आणि स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालंय. भवनात चहा होता, सूर्यफुलाच्या बिया होत्या, पन्नासेक माणसं होती. चित्र भिंतीवर होतं. फांग साहेब म्हणाले, बघा, चौसष्टाव्या वर्षी हा हात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग, आमच्याकडे रीतच आहे, त्यांनी समोर कागद ठेवला आणि गुरुजींना चार पाती काढून दाखवायची विनंती केली. गुरुजींचा हात बाहीत होता. त्यांनी मारितकडे बघितलं आणि मानेने तिला पुढे बोलावलं. माझ्या जागी तू काढ, एवढंच त्या मानेत होतं.

मारित उभी राहिली.

"ते चित्र मी काढलंय," ती म्हणाली. "यांनी नाही. शिक्का यांचा आहे, चित्र माझं आहे."

फांग साहेबांनी सावरायला बघितलं. म्हणाले, पाहुण्यांची भाषा अजून कच्ची आहे, त्यांना म्हणायचंय की त्यांनी मदत केली. ही पळवाट होती, आणि सगळ्यांना ती हवी होती. गुरुजींनीच ती घेतली नाही.

"तिची भाषा पक्की आहे," ते म्हणाले. "मीच शिकवलीय. चित्र तिनेच काढलंय. जिचं तिला द्या."

आणि ते घरी चालत आले. छायफंग मागे राहिली, कारण तिला चपला सापडेनात.

त्या संध्याकाळी त्यांनी शाईचा दगड माझ्यावर उलटा ठेवला. त्याची पाठ खरखरीत होती. त्यावर थोडं पाणी टाकून त्यांनी शिक्क्याचं तोंड घासायला सुरुवात केली. गोल गोल, शाई उगाळतात तसं. त्या कामात हात अजिबात थरथरला नाही. नाव जाऊन दगड सपाट झाला. पांढरी भुकटी माझ्या लोकरीत बसली, ती अजून आहे. घरात होती नव्हती ती चित्रं दुसऱ्या दिवशी चुलीत गेली. छायफंगने एक शब्द काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी मारित निरोप घ्यायला आली. तिचं सामान बांधून झालं होतं. गुरुजी टेबलाशी बसले होते. त्यांनी तिला दिलेला कुंचला तिने परत आणला होता, तो तिने माझ्यावर ठेवला.

"गुरुजी, मी खोटं बोलले नाही."

"नाही बोललीस."

एवढंच. मग दोघंही गप्प. ती वाट बघत होती की ते सांगतील. ते वाट बघत होते की ती विचारेल. मध्ये मी होतो, तीन वर्षांची दोघांची शाई पोटात घेऊन, आणि मला बोलता येत नव्हतं. मित्रांनो, इतका राग मला त्या तुडवणाऱ्या भावांचाही आला नव्हता. थोड्या वेळाने ती वाकली, नमस्कार केला आणि गेली. सायकल बराच वेळ उताराने वाजत राहिली. गुरुजींनी मान वळवून ऐकलं, आवाज थांबेपर्यंत.

त्यानंतर त्यांनी कुंचला धरला नाही. पुढच्याच हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले, माझ्या दुसऱ्या अर्ध्यावर. शेवटच्या दिवसांत त्यांचा उजवा हात पांघरुणाखाली सारखा हलायचा. छायफंगला वाटायचं, कंपच आहे. पण माझ्या त्या अर्ध्याने मला नंतर सांगितलं. आधी दाब, मग उचल, परत दाब. ते पाती काढत होते. शेवटचं पातं त्यांनी सोडलं की नाही, ते मात्र त्याला नीट कळलं नाही.

ते गेल्यावर माझे हाल झाले. टेबल विकलं गेलं. मी घडी होऊन मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याच्या रांजणाखाली गेलो, जमिनीची ओल लागू नये म्हणून. रांजण कोरडा राहिला आणि ओल मी प्यायलो. ते काम मला येतंच. मग कसर लागली. छायफंग एकटी राहायची. एकदा ती शेजाऱ्यांकडे गेली, त्यांना दिलेलं चित्र नुसतं बघायला, त्यावरचं नाव बघायला. ते म्हणाले, हरवलं. दुसऱ्या घरीही हरवलं होतं. ज्याने दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून खपवलं, त्याचं नाव कोण भिंतीवर ठेवणार? ती घरी येऊन रांजणाजवळ बसली. मी तिच्या पायाशीच होतो, पण घडी घातलेला. माझ्या आत काय आहे ते तिच्या ध्यानात नव्हतं.

मारित परत आली ती अठ्ठ्याण्णव साली. बारा वर्षांनी. केस निम्मे पांढरे. हातात लांब नळकांडं. छायफंग शहात्तर वर्षांची. तिने दारात तिला बघितलं, ओळखलं आणि म्हणाली, "जेवलीस का?"

मारित जेवली नव्हती. भात झाला, लोणचं काढलं. जेवताना मारितने सांगितलं की ती बर्गनला चित्रं शिकवते. मागच्या वर्षी तिच्या एका विद्यार्थिनीने एक पातं काढलं आणि मारितला क्षणभर वाटलं, हे आपणच काढलंय. इतका आनंद झाला की तोंडातून शब्द फुटेना. ती तशीच गप्प बसून राहिली, आणि तेव्हा तिला झाय गुरुजींचं ते सगळं गप्प बसणं आठवलं. तिने पहिलं विमान धरलं नाही. वर्षभर तिला लाज वाटत होती. शेवटी आली तेव्हा विचारलं, गुरुजी कुठे आहेत. छायफंगने डोंगरावरच्या थडग्याकडे बोट दाखवलं.

मग छायफंगने सगळं सांगितलं. त्साओ, पहाटेच्या गुंडाळ्या, तो शिक्का. इतकी वर्षं झाकलेली मूठ तिने एका जेवणात उघडली. मारितचा घास हातातच राहिला.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी शाई उगाळली होती त्यांनी," छायफंग म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी चहा नाही केला. अजून काय सांगायचं होतं? आणि तू तरी विचारलंस का? तू चुकलीस. ते चुकले. आणि दोघांना एका खोलीत कोंडून मी कडी लावली नाही, ही माझी चूक." मग तिने नळकांड्याकडे बघितलं. "ते चित्र आणलंयस ना? दाखव. मला त्यातलं काही कळत नाही. मला फक्त त्यांचं नाव बघायचंय. दुसरीकडे कुठे उरलेलं नाही."

मारित हलली नाही. छायफंगनेच नळकांडं उघडलं. जमीन ओली होती म्हणून तिने रांजण सरकवला, मला बाहेर ओढलं, झटकलं आणि पसरलं. इतक्या वर्षांनी मी उजेडात आलो. माझ्यावर तिने चित्र उलगडलं. त्याचा भार मला लगेच ओळखू आला.

डाव्या कोपऱ्यात, खाली, चौकोनी भोक होतं.

"मी कापला, काकू," मारित म्हणाली. "तिकडे गेल्यावर लगेच. कापला आणि बंदरात पाण्यात टाकला."

छायफंगने त्या भोकावरून बोट फिरवलं. चारही कडांवरून, सावकाश. मला वाटलं ही आता ओरडणार. तिने ओरडायला हवं होतं, मी असतो तर ओरडलो असतो. पण तिचं बोट भोकातून खाली माझ्यापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. तिला काहीतरी आठवलं. तिने वाकून माझा कोपरा बघितला. तिथे लोकर कसरीने खाल्ली होती, काळे डाग होते, बुरशी होती, आणि त्या सगळ्यात फिकट गुलाबी झालेला एक चौकोन होता. लग्नाच्या तिसऱ्या दिवसाचा.

तिने चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि थोडं थोडं सरकवलं, भोक नेमकं त्या चौकोनावर येईपर्यंत.

"आता बरोबर दिसतंय," ती म्हणाली.

मारितने तोंडावर हात घेतला. तो उजवा हात होता. नंतर ती माझ्यावर डोकं टेकून रडली, आणि जेवढं पाणी पडलं तेवढं मी प्यायलो. खारं पाणी मी पहिल्यांदाच प्यायलो.

जाताना तिने मला मागितलं. बर्गनला नेऊन काचेत ठेवते म्हणाली. छायफंगने मान हलवली. म्हणाली, "चित्र तुझं आहे, ते घेऊन जा. हे माझं अंथरूण आहे. यांनी निम्मं पळवलं होतं, ते आज परत मिळालं."

म्हणून मी आता पलंगावर आहे, माझ्या दुसऱ्या अर्ध्याशेजारी. मधली फट तिने जाड दोऱ्याने शिवून टाकलीय, टाके वेडेवाकडे आहेत. नावाचा कोपरा तिने उशीच्या बाजूला ठेवलाय. कसर मात्र थांबलेली नाही आणि ती नेमकी तिथूनच खातेय. आणखी दोन-तीन हिवाळे ते नाव टिकेल, असा माझा अंदाज आहे. छायफंगही साधारण तेवढंच म्हणते.

मित्रांनो, जुन्या लोकरीला वर्षातून एकदा ऊन दाखवा, असं मी सांगायला हवं, आणि सांगतोही. पण मला ऊन नाही दाखवलंत तरी चालेल. एवढंच करा. कधी कुणी थरथरत्या हाताने तुमच्यासाठी शाई उगाळली, तर ती का उगाळली हे त्यांना विचारा. आणि उगाळणारे तुम्ही असाल, तर पाठ फिरवून खिडकीपाशी बसू नका. सांगा. त्या दिवशी खोलीत बोलता येणारी दोन माणसं होती आणि न बोलता येणारा मी एकटा. तरी तिघंही गप्प राहिलो.